इंग्रजीतील फ्रेझल व्हर्बची पॅसिव्ह रचना

फ्रेझल व्हर्बची पॅसिव्ह रचना ही इंग्रजी भाषेतील एक वाक्यरचना आहे. मूळ क्रियापद आणि त्यापुढे येणारे एक किंवा दोन लहान अव्यय मिळून जो क्रियापदसमूह होतो, त्यास फ्रेझल व्हर्ब म्हणतात. या समूहाचे कर्म जेव्हा वाक्याच्या आरंभी उद्देश्याच्या जागी येते आणि क्रियापद 'बी' या सहायक क्रियापदासह भूतकालवाचक धातुसाधिताच्या रूपात येते, तेव्हा ही रचना सिद्ध होते. उदाहरणार्थ, 'दे कॉल्ड ऑफ द मॅच' (त्यांनी सामना रद्द केला) या वाक्याचे पॅसिव्ह रूप 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ' (सामना रद्द करण्यात आला) असे होते. रोजच्या इंग्रजी बोलण्यात, वृत्तपत्रांत, दवाखान्याच्या कागदांत, बँकेच्या पत्रांत आणि संगणकाच्या पडद्यावर ही रचना सतत आढळते.

मराठीत 'पॅसिव्ह व्हॉइस' यासाठी 'कर्मणी प्रयोग' ही संज्ञा शालेय पुस्तकांत वापरली जाते. तथापि मराठीचा कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीची पॅसिव्ह रचना या एकच गोष्टी नव्हेत. हा घोटाळा टाळण्यासाठी येथे 'पॅसिव्ह' हाच शब्द ठेवला आहे. तसेच इंग्रजीतील दोन निरनिराळी अव्यये देवनागरीत सारखीच दिसू नयेत, म्हणून 'पासून दूर, बंद' या अर्थाचे अव्यय 'ऑफ' असे आणि षष्ठीचा अर्थ देणारे 'ऑव्ह' असे लिहिले आहे.

संज्ञा आणि अभ्यास

क्रियापदापुढील अव्ययामुळे अर्थ पार बदलतो, ही गोष्ट इंग्रजी कोशकारांच्या लक्षात फार पूर्वी आली होती. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला असून परकीयांना त्याच सर्वांत अवघड जातात, असे म्हटले आहे. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच उशिराची आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात ती वापरली आणि ती आपणास ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे नमूद केले. पुढे ड्वाइट बोलिंजर यांचा 'द फ्रेझल व्हर्ब इन इंग्लिश' (1971) हा ग्रंथ या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ ठरला. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 च्या बृहद्व्याकरणात या क्रियापदांचे तीन वर्ग सविस्तर मांडले आहेत. रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांनी 2002 च्या केंब्रिज व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञाच नाकारली आहे, कारण त्यांच्या मते हा समूह वाक्यरचनेच्या दृष्टीने एक शब्द म्हणून वागत नाही. अध्यापनात मात्र जुनी संज्ञाच चालू आहे आणि ती सोयीचीही आहे.

रचनेचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात अव्यय हे क्रियाविशेषणासारखे असते. 'कॉल ऑफ' (रद्द करणे), 'पुट ऑफ' (पुढे ढकलणे), 'टर्न डाऊन' (नाकारणे), 'ब्रिंग अप' (वाढवणे, संगोपन करणे), 'नॉक डाऊन' (पाडणे) ही त्याची उदाहरणे होत. कर्तरी वाक्यात या प्रकाराचा एक जाचक नियम असतो. कर्म नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर कोठेही चालते, पण ते सर्वनाम असेल तर मध्येच घालावे लागते. 'कॉल इट ऑफ' हे शुद्ध, 'कॉल ऑफ इट' हे अशुद्ध. विद्यार्थी येथे हमखास चुकतात. पॅसिव्ह रचनेत हा प्रश्नच उरत नाही. कर्म वाक्याच्या आरंभी गेल्यामुळे क्रियापद व अव्यय नेहमी शेजारी राहतात: 'इट वॉज कॉल्ड ऑफ'. पॅसिव्ह रचना कर्तरीपेक्षा अवघड असते असा सर्वसाधारण समज आहे. या एका बाबतीत तरी तो खरा नाही.

दुसऱ्या प्रकारात अव्यय हे शब्दयोगी असते आणि त्याचे स्वतःचे कर्म असते. 'लाफ अ‍ॅट' (हसणे, टर उडवणे), 'लुक आफ्टर' (सांभाळणे), 'लुक इन्टू' (चौकशी करणे), 'रिलाय ऑन' (विसंबणे), 'ऑपरेट ऑन' (शस्त्रक्रिया करणे) ही काही क्रियापदे या वर्गातील आहेत. यांत सर्वनामही अव्ययानंतरच येते. यांची पॅसिव्ह रचना हा इंग्रजीचा खास विशेष होय. 'पीपल लाफ्ड अ‍ॅट हिम' या वाक्यात 'हिम' हे वस्तुतः 'अ‍ॅट' या अव्ययाचे कर्म आहे, क्रियापदाचे नव्हे. तरीही तेच उचलून उद्देश्य करता येते आणि अव्यय मागे एकटे राहते: 'ही वॉज लाफ्ड अ‍ॅट'. हे अव्यय गाळले तर वाक्य मोडते, आणि मराठी विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक नेमकी हीच असते.

तिसऱ्या प्रकारात दोन अव्यये असतात. 'लुक अप टू' (आदर करणे), 'लुक डाऊन ऑन' (तुच्छ लेखणे), 'डू अवे विथ' (मोडीत काढणे), 'लुक फॉरवर्ड टू' (आतुरतेने वाट पाहणे). पॅसिव्ह करताना दोन्ही अव्यये जागच्या जागी राहतात. कर्ता सांगायचा असल्यास तिसरे अव्यय 'बाय' त्यांस येऊन मिळते: 'शी वॉज लुक्ड अप टू बाय ऑल हर स्टुडन्ट्स', म्हणजे 'तिच्याविषयी सर्व विद्यार्थ्यांना आदर वाटे'. तीन अव्ययांची ही ओळ डोळ्यांना विचित्र वाटते, परंतु व्याकरणदृष्ट्या तीत काही वावगे नाही.

या तिघांच्या कडेला आणखी एक लहानसा गट आहे. त्यात क्रियापद, नाम आणि अव्यय मिळून एक वाक्प्रचार होतो, जसे 'टेक अ‍ॅडव्हान्टेज ऑव्ह' (गैरफायदा घेणे), 'टेक केअर ऑव्ह' (काळजी घेणे), 'लूज साइट ऑव्ह' (विसर पडणे). यांचे दोन निरनिराळे पॅसिव्ह होऊ शकतात. 'ही वॉज टेकन अ‍ॅडव्हान्टेज ऑव्ह' यात माणूस उद्देश्य आहे, तर 'अ‍ॅडव्हान्टेज वॉज टेकन ऑव्ह हिज इग्नरन्स' यात 'फायदा' हे नामच उद्देश्य झाले आहे. बोलण्यात पहिले अधिक, लेखी भाषेत दुसरेही.

उच्चार

पहिल्या प्रकारातील अव्ययावर आघात येतो, दुसऱ्या प्रकारातील अव्ययावर सहसा येत नाही. 'ही वॉज टोल्ड ऑफ' (त्याची खरडपट्टी काढली गेली) यात 'ऑफ' जोराने उच्चारले जाते. 'ही वॉज लाफ्ड अ‍ॅट' यात जोर 'लाफ्ड'वर असतो. तथापि वाक्याच्या शेवटी आलेले 'अ‍ॅट' किंवा 'फॉर' एरवीसारखे पुसट उच्चारून चालत नाही, त्याचा स्वर पूर्ण उच्चारावा लागतो. मराठी बोलणारा सर्वच अव्यये सारख्या जोराने उच्चारतो, त्यामुळे ऐकणाऱ्यास अर्थ कळण्यात क्वचितच अडचण येते. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी ऐकताना, अडचण अधिक येते.

इतिहास

जुन्या इंग्रजीत अव्यय बहुधा क्रियापदाच्या आधी, उपसर्गासारखे जोडलेले असे. संस्कृतात 'हृ' धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, संहार, प्रहार असे भिन्न अर्थ निघतात, त्यासारखीच ही तऱ्हा होती. वैदिक भाषेत तर उपसर्ग धातूपासून सुटाही येत असे. मध्ययुगीन इंग्रजीत अव्यये हळूहळू क्रियापदाच्या मागून पुढे गेली. स्कँडिनेव्हियन भाषांच्या संपर्कानेही या बदलास बळ मिळाले असे मानले जाते. जुन्या पद्धतीचे अवशेष 'अपहोल्ड', 'ओव्हरटेक', 'ओव्हरलुक' अशा शब्दांत राहिले आहेत.

हे अवशेष आणि नव्या जोड्या यांच्या पॅसिव्ह रूपांत शब्द तेच, क्रम उलटा आणि अर्थ पूर्णपणे वेगळा, अशी परिस्थिती उद्भवते. 'द डिसिजन वॉज अपहेल्ड' म्हणजे वरच्या न्यायालयाने निर्णय कायम केला. 'द डिसिजन वॉज हेल्ड अप' म्हणजे निर्णय रखडला. 'द पेपर्स वेअर लुक्ड ओव्हर' म्हणजे कागदपत्रे नजरेखालून घातली गेली. 'द पेपर्स वेअर ओव्हरलुक्ड' म्हणजे ती पाहावयाचीच राहिली. 'द कंपनी वॉज टेकन ओव्हर' म्हणजे कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली. 'द कंपनी वॉज ओव्हरटेकन' म्हणजे दुसरी कंपनी तिच्या पुढे गेली. न्यायालयीन व व्यापारी बातम्यांचे भाषांतर करणाऱ्यांनी या जोड्या पाठच कराव्यात अशा आहेत.

अव्यय मागे सोडणारी पॅसिव्ह रचना, म्हणजे वर सांगितलेला दुसरा प्रकार, जुन्या इंग्रजीत नव्हती. ती तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. तोपर्यंत नामांचे विभक्तिप्रत्यय बरेचसे झिजून गेले होते. क्रियापदाचे कर्म आणि अव्ययाचे कर्म रूपावरून वेगळे ओळखू येईनासे झाले, आणि क्रियापद व अव्यय हे दोन्ही मिळून एकच सकर्मक क्रियापद आहे असे बोलणारे मानू लागले, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. जर्मन व फ्रेंच या शेजारच्या भाषांत अशी रचना होत नाही. स्वीडिश, नॉर्वेजियन आदी स्कँडिनेव्हियन भाषांत ती आढळते. एकंदरीत जगातील भाषांमध्ये ती विरळाच आहे.

सतराव्या शतकात या अव्ययांवर एक संकट आले. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 साली बेन जॉन्सन यांच्या भाषेची चिकित्सा करताना वाक्याच्या शेवटी अव्यय ठेवणे हा दोष गणला. पुढे स्वतःच्या जुन्या गद्यातूनही त्यांनी अशी अव्यये काढून टाकली. शाळामास्तरांनी हा नियम पुढे दोनशे वर्षे लावून धरला. संबंधी वाक्यांत अव्यय पुढे आणून तो पाळता येतो, पण पॅसिव्हमध्ये तो पाळणेच शक्य नाही. 'ही वॉज लाफ्ड अ‍ॅट' या वाक्यातील 'अ‍ॅट' कोठेही हलविता येत नाही. नियम खोटा होता हे दाखविण्यास एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

'इज बीइंग पुल्ड डाऊन' (पाडले जात आहे) यासारखी चालू काळाची पॅसिव्ह रूपे त्याहून अलीकडची, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील होत. त्यापूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' असेच म्हणत. नव्या रूपावर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील व इंग्लंडमधील शुद्धतावाद्यांनी बरीच टीका केली. आज ते रूप अशुद्ध होते हे सांगूनही कोणास पटणार नाही.

कोणती क्रियापदे पॅसिव्ह होतात

अकर्मक फ्रेझल व्हर्बचा पॅसिव्ह होत नाही, हा मूळ नियम सोपा आहे. अडचण अशी की एकच जोडी एका अर्थी सकर्मक व दुसऱ्या अर्थी अकर्मक असते. 'ब्रेक डाऊन' म्हणजे दार फोडणे असेल तर 'द डोअर वॉज ब्रोकन डाऊन' असे म्हणता येते. गाडी बंद पडली असेल तर मात्र 'द कार ब्रोक डाऊन' असेच म्हटले पाहिजे. 'ग्रो अप' हे केवळ अकर्मक आहे. 'मी कोल्हापुरात वाढलो' याचे 'आय वॉज ग्रोन अप इन कोल्हापूर' असे भाषांतर महाराष्ट्रात पुष्कळ ऐकू येते. शुद्ध रूपे 'आय ग्रू अप' किंवा 'आय वॉज ब्रॉट अप' अशी होत. पहिल्यात वाढणे आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी वाढविणारे असते.

सकर्मक दिसणाऱ्या सर्वच जोड्यांचा पॅसिव्ह होतो असेही नाही. 'टेक आफ्टर' (आईबापांच्या वळणावर जाणे), 'रन इन्टू' (अवचित भेटणे), 'रन आउट ऑव्ह' (संपणे) यांची पॅसिव्ह रूपे रूढ नाहीत. यांत कर्मावर काही परिणाम होत नाही, किंवा क्रिया कोणी हेतुपुरस्सर केलेली नसते. बोलिंजर यांनी या मुद्द्यावर विशेष भर दिला होता: उद्देश्य झालेल्या वस्तूवर क्रियेचा खरोखर परिणाम होत असेल तरच अव्ययासह पॅसिव्ह सहज वाटतो. 'द डिसिजन वॉज अराइव्ह्ड अ‍ॅट आफ्टर थ्री मीटिंग्ज' (तीन बैठकांनंतर निर्णयाप्रत पोहोचता आले) हे चालते, कारण निर्णय त्या क्रियेतून जन्मास येतो. 'द स्टेशन वॉज अराइव्ह्ड अ‍ॅट' हे चालत नाही, कारण गाडी आल्याने स्टेशनात काही फरक पडत नाही. 'धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन' (या पलंगावर कोणी तरी झोपलेले आहे) हे वाक्य चादर चुरगळलेली असेल तर अगदी नैसर्गिक वाटते.

काही ठिकाणी कर्तरी अकर्मक आणि पॅसिव्ह अशी दोन्ही रूपे शक्य असतात आणि त्यांतून निवड करावी लागते. 'द ब्रिज ब्लू अप' म्हणजे पूल स्फोटात उडाला. 'द ब्रिज वॉज ब्लोन अप' म्हणजे तो कोणीतरी उडवून दिला. दिवे 'वेन्ट आउट' झाले तर ते गेले. 'वेअर पुट आउट' झाले तर मालविले गेले. कर्त्याचे नाव दोन्हींत नाही, पण दुसऱ्या रूपात कर्ता आहे हे गृहीत धरलेले असते.

'गेट' लावून होणारी रूपे

बोलण्यात 'बी'ऐवजी 'गेट' पुष्कळदा येते: 'ही गॉट बीटन अप' (त्याला मार बसला), 'वुई गॉट लेफ्ट बिहाइंड' (आम्ही मागे राहिलो). यात बहुधा अनिष्ट, अनपेक्षित किंवा काही अंशी स्वतःवर ओढवून घेतलेली गोष्ट सुचविली जाते. 'ही गॉट कॅरिड अवे' यास मराठीत 'तो वाहवत गेला' हा जवळजवळ तंतोतंत प्रतिशब्द आहे. औपचारिक लेखनात 'गेट' टाळतात.

विशेषणे झालेली रूपे

पुष्कळ पॅसिव्ह धातुसाधिते आता विशेषणेच बनली आहेत. 'वोर्न आउट' (थकलेला, झिजलेला), 'सोल्ड आउट' (सर्व तिकिटे संपलेला) आणि मराठीतही सर्रास येणारे 'फेड अप' ही त्यांपैकी होत. 'फेड अप' हे मूळचे 'फीड' या क्रियापदाचे रूप, म्हणजे खाऊ घालून अजीर्ण झालेला. आज त्यापुढे 'बाय' न येता सहसा 'विथ' येते, यावरून त्याचे क्रियापदपण लोपले आहे हे कळते. 'अनकॉल्ड फॉर' (अनाठायी) आणि 'अनहर्ड ऑव्ह' (न ऐकलेले) या शब्दांत तर नकारार्थी उपसर्ग क्रियापदाला आणि अव्यय शेपटाला, अशी गंमत आहे. क्रियापद व अव्यय बोलणाऱ्याच्या मनात एकजीव झाल्याखेरीज असे शब्द तयार होणार नाहीत.

क्रिकेटमधील 'रन आउट' हेही याच कुळातले. 'ही वॉज रन आउट' या वाक्यातील 'रन' हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. धावला तो फलंदाज, पण क्रिया केली ती क्षेत्ररक्षकाने. मराठी 'धावबाद' या शब्दात हा पॅसिव्ह अर्थ चांगला साधला आहे. गोलंदाजाच्या खात्यात हा बळी धरला जात नाही.

मराठी कर्मणी प्रयोगाशी तुलना

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणपरंपरेत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंगवचनानुसार बदलते यावरून. 'रमेशने पुस्तक वाचले', 'रमेशने पोथी वाचली' यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या दृष्टीने मात्र ही दोन्ही वाक्ये कर्तरी आहेत, कारण वाचणारा रमेशच वाक्याच्या केंद्रस्थानी आहे. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास 'त्यांनी परीक्षा पुढे ढकलली' हे कर्मणी वाक्य आहे असे एका तासाला शिकविले जाते आणि पुढच्या तासाला त्याचेच इंग्रजी भाषांतर 'अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस' म्हणून समोर येते. गोंधळ होतो यात त्याचा काय दोष?

इंग्रजी पॅसिव्हला खरोखर जवळचा असा प्रकार म्हणजे नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग: 'शिपायाकडून चोर पकडला गेला'. शालेय व्याकरणांत तो इंग्रजीच्या धर्तीचा म्हणून सांगितला जातो. जुन्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे' अशी एकपदी कर्मणी रूपे होती, तीही आता पुस्तकांतच उरली आहेत. सरकारी मराठीत 'करण्यात येत आहे', 'बंद ठेवण्यात येईल' ही येणे-युक्त रचना पॅसिव्हचे काम करते. 'द वॉटर सप्लाय विल बी कट ऑफ' याचे 'पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल' हे भाषांतर अर्थाने व वळणाने दोन्ही परींनी जुळते.

अव्ययासह येणाऱ्या दुसऱ्या प्रकाराला मात्र मराठीत जोड नाही. 'ही वॉज लाफ्ड अ‍ॅट' याचे 'तो हसला गेला' असे भाषांतर होऊ शकत नाही. 'लोक त्याला हसले' किंवा 'त्याचे हसे झाले' असेच म्हणावे लागते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून राहतात, ते नामापासून तोडून क्रियापदाजवळ ठेवता येत नाहीत. 'रुग्णावर शस्त्रक्रिया झाली' यातील 'वर' रुग्णाला सोडून जाऊ शकत नाही. इंग्रजीत 'द पेशन्ट वॉज ऑपरेटेड ऑन' असे म्हणताना 'ऑन' मागे राहते. भारतीय इंग्रजीत ते पुष्कळदा गळते आणि 'द पेशन्ट वॉज ऑपरेटेड' असे लिहिले जाते. भारतातील वाचकास ते खटकत नाही. ब्रिटिश वाचकास रुग्ण हे एखादे यंत्र असून ते कोणी चालविले, असे वाटण्याचा संभव असतो.

पहिल्या प्रकारातील 'अप', 'आउट' यांचा पूर्णतादर्शक अर्थ मराठीत संयुक्त क्रियापदांनी व्यक्त होतो. 'यूज्ड अप' म्हणजे 'वापरून टाकले', 'ईटन अप' म्हणजे 'खाऊन टाकले'. येथे इंग्रजी अव्ययाचे काम 'टाकणे' हे सहायक क्रियापद करते. शब्दशः 'वर वापरले' असे भाषांतर कोणीच करीत नाही, यावरून भाषिक जाण किती खोल असते ते दिसते.

शालेय अध्यापन

महाराष्ट्रातील शाळांत वाक्याचा 'व्हॉइस' बदला हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. रेन व मार्टिन यांचे व्याकरण आणि तर्खडकर भाषांतर पाठमाला यांवर वाढलेल्या पिढ्यांनी कर्त्याची व कर्माची अदलाबदल यांत्रिकपणे करण्यात प्रावीण्य मिळविले. या पद्धतीत 'बाय' लावण्याचा आग्रह असतो. प्रत्यक्षात इंग्रजीतील बहुतांश पॅसिव्ह वाक्यांत 'बाय' येतच नाही. कर्ता ठाऊक नसतो, सांगण्याजोगा नसतो किंवा सांगावयाचा नसतो, म्हणून तर पॅसिव्ह वापरतात. 'माय बॅग वॉज टेकन अवे बाय समबडी' असे वाक्य केवळ उत्तरपत्रिकेतच सापडते. त्यापेक्षा अव्यय गळणार नाही याकडे लक्ष देणे अधिक उपयोगाचे. क्रियापद शिकवितानाच ते 'लाफ' असे न शिकविता 'लाफ अ‍ॅट' असे जोडीने शिकविले, तर पॅसिव्ह करताना अव्यय आपोआप बरोबर येते.

व्यवहारातील अर्थभेद

या रचनेच्या अर्थाविषयीची चूक नेहमीच गुणांपुरती राहत नाही. 'पुट ऑफ' आणि 'कॉल्ड ऑफ' यांत एकाच शब्दाचा फरक आहे; परीक्षा 'पुट ऑफ' झाली तर ती पुढे होणार, 'कॉल्ड ऑफ' झाली तर होणारच नाही.

दवाखान्यात 'रूल आउट' हे क्रियापद रोज वापरले जाते. 'टीबी हॅज बीन रूल्ड आउट' याचा अर्थ क्षयरोग नाही हे तपासणीअंती ठरले. परंतु तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टर 'टू रूल आउट टीबी' किंवा त्याचे 'आर-ओ' हे संक्षिप्त रूप लिहितात, तेव्हा क्षयरोग आहे की नाही हे अद्याप पाहावयाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. पहिले पूर्ण झालेले पॅसिव्ह, दुसरे हेतू सांगणारे कर्तरी रूप. पहिल्यासारखा दुसऱ्याचा अर्थ लावून रुग्णाने तपासणी टाळली, तर त्याचे नुकसान होते.

बँकेच्या भाषेत 'द लोन वॉज रिटन ऑफ' याचे 'कर्ज माफ झाले' असे भाषांतर सर्रास केले जाते. ते चूक आहे. कर्ज निर्लेखित केले म्हणजे बँकेने ते आपल्या ताळेबंदातून कमी केले. ऋणकोची देणी त्यामुळे संपत नाहीत आणि वसुलीचा बँकेचा हक्क कायम राहतो. कर्जमाफीसाठी इंग्रजीत 'वेव्ह्ड' हे क्रियापद आहे. मोठ्या उद्योगांची कर्जे 'रिटन ऑफ' झाली अशा बातम्यांवर होणाऱ्या वादांत या दोन शब्दांची सरमिसळ झालेली असते, आणि शेतकऱ्याला 'माझे कर्ज निर्लेखित झाले' याचा अर्थ नोटीस आल्यावरच कळतो.

'लेड ऑफ' या रूपाचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकी वापरात 'ही वॉज लेड ऑफ' म्हणजे आज बहुधा नोकरी गेलीच. भारतात 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने केलेल्या व्याख्येनुसार 'ले-ऑफ' म्हणजे कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, यंत्राचा बिघाड अशा कारणांनी हजेरीपटावरील कामगारास काम देता न येणे. कामगाराचे नाव पटावर राहते. पात्र कामगारास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई देण्याची तरतूद त्या अधिनियमात होती. कायमच्या कपातीसाठी तेथे 'रिट्रेंचमेंट' ही वेगळी संज्ञा होती. बहुराष्ट्रीय कंपनीच्या पत्रात आलेला 'लेड ऑफ' हा शब्द यांपैकी कोणत्या अर्थाचा, हे पत्र वाचणाऱ्याने विचारून घ्यावे हे बरे.

कर्ता लपविण्याची सोय

'मिस्टेक्स वेअर कव्हर्ड अप' (चुका झाकल्या गेल्या) या वाक्यात झाकणारा कोण, हे येत नाही. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 च्या राजकारण व इंग्रजी भाषा या विषयावरील निबंधात कर्तरी रूप चालत असेल तेथे पॅसिव्ह वापरू नये, असा नियम घालून दिला. त्याच निबंधात त्यांनी स्वतः पॅसिव्ह रूपे मोठ्या प्रमाणात वापरली आहेत, हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. पॅसिव्ह स्वतः दोषी नसतो. सामना पावसाने 'कॉल्ड ऑफ' झाला असेल तर पंचांची नावे कोणाला हवी असतात? पण वस्ती 'पुल्ड डाऊन' झाली अशी बातमी असेल, तर कोणाच्या आदेशाने हे विचारणे वाचकाचा हक्क ठरतो. मराठी वृत्तपत्रांतील 'कारवाई करण्यात आली' या वाक्यालाही तोच प्रश्न लागू आहे.

संगणक व मोबाइल

'यू हॅव्ह बीन लॉग्ड आउट', 'युअर फाइल्स हॅव्ह बीन बॅक्ड अप' ही वाक्ये आता इंग्रजी न शिकलेल्यांच्याही डोळ्यांखालून जातात. यांचे मराठीकरण 'तुम्हाला लॉग आउट करण्यात आले आहे' असे केले जाते. यात इंग्रजी जोडी जशीच्या तशी नामासारखी ठेवून तिला 'करणे' लावले आहे. मराठीने परक्या क्रियापदांना सामावून घेण्याची ही जुनी रीत आहे. इंग्रजीत लिहिताना मात्र क्रियापद 'लॉग' व 'इन' असे दोन शब्दांत आणि नाम 'लॉगिन' असे एका शब्दात लिहितात. भूतकालवाचक प्रत्यय नेहमी क्रियापदाला लागतो, अव्ययाला नाही. म्हणून 'लॉग्ड इन' हे शुद्ध आणि 'लॉगिन्ड' हे अशुद्ध.